विमान निम्म्यातच उडतं, मग एवढी लांब धावपट्टी कशाला?

होटगीरोडकर | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात, आसरा चौकाच्या पुढं, विमानतळाच्या अंगाला. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या पोराला विमानाचा नाद लागलाय. पाचवीत आहे. आवाज आला की ताटावरून उठतो आणि गच्चीवर पळतो.

परवा त्याला घेऊन कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा होतो. पंख्याचं विमान, एटीआर. पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, जरा थांबलं आणि पळत सुटलं. आमच्या अंदाजानं निम्मी पट्टी संपायच्या आसपासच नाक वर करून गेलं. पोरगा म्हणाला, "पप्पा, निम्म्यातच उडतंय तर बाकीची पट्टी कशाला केलीय?" मी म्हटलं, उतरायला लागत असेल. तर म्हणतो, उतरतानापण ते लवकरच हळू होतंय, मी बघितलंय.

आपण सगळे वर्षानुवर्षं ऐकत आलोय की सोलापूरची पट्टी लहान, मोठं विमान येत नाही. इथं तर दोन किलोमीटरच्या आसपास पट्टी असून अर्धी रिकामी दिसतेय. पोराला खरं उत्तर द्यायचंय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ९:५२

पोराला माझ्याकडून शाबासकी. लय बारीक नजर आहे बे त्याची.

चादरवाला | शनिवार, रात्री १०:०५

मला वाटतं ब्रेक फेल झाला तर असावी म्हणून जास्तीची जागा सोडत असतील. घाटात नाही का उताराला बाजूला मातीचा चढ करून ठेवतात, तसं.

माझा दुसराच प्रश्न आहे. एवढी ताकदीची इंजिनं आहेत तर हेलिकॉप्टरसारखं जागेवरून सरळ वर का जात नाही? पट्टीची भानगडच नको.

लोहगाव_सेवानिवृत्त | शनिवार, रात्री ११:१०

मी हवाई दलात विमानांच्या देखभालीला होतो, शेवटची काही वर्षं पुण्यात. आता मुक्काम विजापूर रोडला. चादरवाल्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावरच बाकीचं उभं आहे.

प्रवासी जेट विमानाची सगळी इंजिनं मिळून जो जोर लावतात तो विमानाच्या वजनाच्या साधारण पाव ते तृतीयांश असतो. म्हणजे ते विमान शेपटीवर उभं केलं तर जागचं हलणार नाही. विमानाला उचलतो तो पंख. इंजिनाचं काम एवढंच की पंखावरून पुरेशी हवा वेगानं जाईल इतकं विमानाला पुढं ढकलायचं. तो वेग येईपर्यंत पळायला जागा लागते, तीच धावपट्टी. सरळ वर जाणारी लढाऊ विमानंही असतात. आपल्या नौदलाकडे २०१६ पर्यंत सी हॅरियर होती, तीही इंधन आणि शस्त्रं भरली की जहाजावरून थोडं पळूनच उठायची.

आता पोराचा प्रश्न. विमान जिथं उडालं तिथं पट्टीचं काम संपत नाही. उरलेली पट्टी न उडण्यासाठी असते.

उड्डाणाच्या आधी वैमानिक त्या दिवसाचं वजन, तापमान, वारा, पट्टी ओली की कोरडी हे सगळं धरून तीन वेग काढतात. पहिल्याला व्ही-वन म्हणतात. विमान पळत असताना व्ही-वनच्या आत एक इंजिन बंद पडलं, तर उड्डाण रद्द करायचं आणि उरलेल्या पट्टीत थांबायचं. व्ही-वन ओलांडला की थांबायचं नाही. एका इंजिनावर का होईना, उडायचंच, कारण आता थांबायला पट्टी पुरणार नाही. दुसरा वेग व्ही-आर, त्याला नाक उचलायचं. तिसरा व्ही-टू, एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल असा.

व्ही-वनची हाक आली की वैमानिक इंजिनाच्या दांड्यावरचा हात काढून घेतो. सवयीनं मागं ओढला जाऊ नये म्हणून. मी कॉकपिटच्या मागं उभा राहून हे कितीतरी वेळा पाहिलंय आणि दरवेळी अंगावर काटा आलाय.

म्हणजे बघा, पट्टी एवढी हवी की विमान जवळपास उडायच्या वेगाला पोचेल आणि तिथून पुन्हा शून्यावर येईल. तुमच्या मुलानं पाहिलेला रिकामा अर्धा भाग हा त्या थांबण्याचा आहे. रोज रिकामा राहतो हे चांगलंच आहे.

गणितमास्तर | रविवार, सकाळी ७:१५

वरचा प्रतिसाद उत्तम. त्यात आकडे घालतो, मुलाला वहीवर करून दाखवता येतील.

एटीआर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जमीन सोडतं असं धरू. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. वैमानिकानं निर्णयाला दोन सेकंद जास्त घेतले तर ११० मीटर पट्टी गेली, आमच्या शाळेचं मैदान गेलं. आणि थांबायचं अंतर वेगाच्या वर्गात वाढतं. मोटारसायकल पन्नासवर असताना जेवढ्या अंतरात थांबते त्याच्या चौपट शंभरवर लागतं आणि सोळापट दोनशेवर. त्यात इथं मोटारसायकल २३ टनांची आहे.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ८:३०

मला तांत्रिक काही कळत नाही पण आईची गोष्ट सांगते. वय ७१, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, भावाकडं जायला. उडताना अगदी शांत. सिद्धेश्वर महाराजांचं नाव घेत खिडकीतून बघत होती, तलाव दिसतोय का म्हणून. उतरताना मात्र चाकं टेकली आणि एकदम असा घर्रर्र आवाज झाला, सगळं विमान थरथरलं, आम्ही पुढच्या सीटकडं ढकलल्यासारखे झालो. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढवली! तिला वाटलं काहीतरी मोडलं. मलाही तसंच वाटलं पण बोलले नाही. तो आवाज कशाचा असतो?

आणि हो, तिनं हातातल्या पिशवीत दोन किलो शेंगाचटणी नेली होती. त्यानं विमान जड होतं का? 🙂

लोहगाव_सेवानिवृत्त | रविवार, सकाळी ९:००

@शेंगाचटणी, आईंना सांगा, तो आवाज विमान थांबवण्याचा. एटीआरला पुढं पंखे असतात. उतरल्यावर पंखा फिरतो त्याच दिशेनं, फक्त पात्यांचा कोन बदलतो आणि हवा मागं जायच्या ऐवजी पुढं फेकली जाते. जेट विमानात इंजिनाची झाकणं सरकून हवा पुढच्या बाजूला वळवली जाते. जेटमध्ये पंखावरच्या फळ्याही उभ्या राहतात. त्या फळ्यांचं मुख्य काम पंखाचा उचल मोडायचं. उचल गेला की सगळं वजन चाकांवर येतं आणि मग ब्रेक धरतात. पंख अजून विमानाला उचलून धरत असेल तर ब्रेक दाबून उपयोग नाही, चाक नुसतं घसरेल.

चटणीचं वजन धरलेलं असतं. प्रत्येक प्रवाशाचं आणि सामानाचं वजन हिशेबात घेऊनच वेग काढतात.

विडीघरकुल | रविवार, सकाळी १०:४०

पंख कसा उचलतो ते राहिलंच की. आमच्या सरांनी सांगितलं होतं, पंखाची वरची बाजू फुगीर, त्यामुळं वरच्या हवेला जास्त अंतर. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागं पोचायचं म्हणून वरची हवा जोरात पळते, जोरात पळाली की दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो.

शिकाऊ_वैमानिक | रविवार, दुपारी १२:२०

@विडीघरकुल, हे मलाही शाळेत असंच शिकवलं होतं, पण त्यातला मधला भाग चूक आहे. वरच्या हवेला खालच्या हवेची गाठ घ्यायचं काही बंधन नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागं पोचते. दाब कमी होतो हे खरं, पण सरळ समजून घ्यायचं तर असं: पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते.

(मी मूळची मार्डीची, सध्या बाहेर वैमानिक प्रशिक्षण घेतेय, पहिले एकट्यानं केलेले उड्डाण मागच्या हिवाळ्यात.)

विडीघरकुल | रविवार, दुपारी १२:४५

ताई, हे पटलं. आमच्याकडं मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की घरांवरचे पत्रे उडतात. पत्रा काही फुगीर नसतो. वाऱ्यात त्याची एक कड जरा उचलली की संपलं, मग दगड ठेवा नाहीतर टायर ठेवा, जातोच. म्हणजे तेच झालं ना? कड उचलली म्हणजे कोन आला.

शिकाऊ_वैमानिक | रविवार, दुपारी १:३०

अगदी तेच, आणि तुमच्या पत्र्यात आणखी एक गोष्ट आहे. पत्रा जागेवरच असतो, तरी उडतो. कारण वारा त्याच्याकडं येतो. पंखाला फक्त हवेचा वेग कळतो, जमिनीचा नाही. म्हणून विमानं शक्यतो वाऱ्याकडं तोंड करून उडतात आणि वाऱ्याकडं तोंड करूनच उतरतात. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर २०० च्या वेगासाठी चाकांना १७० चाच पळावं लागतं. पतंग उडवणाऱ्या पोराला हे न सांगता कळतं, तो वाऱ्याकडं तोंड करूनच पळतो.

उलटं झालं तर किती महागात पडतं ते बघा. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा पाठीमागून असला, तर जमिनीवरचा वेग १.१ पट, आणि गणितमास्तर म्हणाले तसं अंतर वर्गात, म्हणजे १.२१ पट. दहा टक्के वाऱ्यानं एकवीस टक्के पट्टी खाल्ली.

उजनीचे_पक्षी | रविवार, दुपारी ३:००

उजनीला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला या सगळे. उठताना ते पाण्यावरून पळतात, अक्षरशः पाय मारत, पाण्यावर चप्-चप् अशी पावलांची रांग उठते आणि मग हळूहळू अंग वर येतं. तीच त्यांची धावपट्टी. आणि सगळा थवा एकाच दिशेला पळत असतो, वाऱ्याच्या समोर. मी पंधरा वर्षं बघतोय, वारा ज्या बाजूचा त्या बाजूला त्यांची तोंडं. चिमणी जागेवरून भुर्रकन उडते, रोहिताला पळावं लागतं. जड अंगाला पळणं चुकत नाही.

भीमाकाठ | रविवार, सायंकाळी ५:१०

चिमणीचा विषय निघाला म्हणून बोलतो, दुसऱ्या चिमणीचा. विमानाला अडथळा म्हणून पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या.

मी ऊस उत्पादक. १५ जून २०२३ ला ती पाडली तेव्हा मी लांब रस्त्यावर उभा होतो. बार उडाला, ती आधी जरा थांबल्यागत वाटली आणि मग कलली. शेजारी उभी असलेली म्हातारी माणसं रडत होती. गाळप हंगामात त्या धुरावरून आम्ही कारखाना चालू आहे की बंद ते ओळखायचो. नव्वद मीटरच्या आसपास उंची. त्या वेळी सगळे म्हणत होते की विमान त्याच्या कितीतरी वरून जातं, मग चिमणी आड कशी येते? आता तुम्ही म्हणताय विमान निम्म्या पट्टीतच उडतं. मग तर माझा प्रश्न आणखी मोठा झाला. मला भांडायचं नाही. मला समजून घ्यायचंय, कारण तीन वर्षं हे मनात आहे.

लोहगाव_सेवानिवृत्त | रविवार, रात्री ८:२०

@भीमाकाठ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. निर्णय योग्य होता की नाही यात मी पडत नाही, दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. फक्त विमानाचं गणित सांगतो.

रोजचं विमान दोन्ही इंजिनांवर चढतं, ते झपकन वर जातं. त्या दिवशी चिमणी आड येत नाही. नियम मात्र वाईट दिवसासाठी लिहिलेले आहेत. व्ही-वन ओलांडला आणि एक इंजिन गेलं. आता विमान चढतंय, पण कसं? दोन इंजिनांच्या विमानाला अशा वेळी, चाकं आत घेतल्यावर, कमीत कमी २.४ टक्के चढाई जमली पाहिजे असा नियम आहे. २.४ टक्के म्हणजे एक किलोमीटर पुढं जाताना फक्त २४ मीटर वर. ९० मीटर चढायला जवळपास पावणेचार किलोमीटर लागतील. आणि हिशेब करताना त्यातूनही ०.८ टक्का वजा धरायचा असतो, म्हणजे उरले १.६. शिवाय अडथळ्याच्या वरून ३५ फुटांचं अंतर राहायलाच पाहिजे.

म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांपुढं हवेत एक तिरपा पत्रा अंथरलाय अशी कल्पना करतात. मोठ्या पट्टीसाठी त्याचा चढ २ टक्के, पन्नासास एक. त्या पत्र्याच्या वर काही यायला नको, चिमणी नको, टॉवर नको, इमारत नको. दोन टक्क्यांच्या पत्र्याखाली ९० मीटर उंचीची वस्तू बसवायची तर ती पट्टीच्या टोकापासून साडेचार किलोमीटर दूर हवी.

भीमाकाठ | रविवार, रात्री ९:०५

किलोमीटरला २४ मीटर. एवढं कुणी तेव्हा सांगितलं नाही हो. धन्यवाद साहेब. दुःख आहे ते राहील, पण कारण कळलं.

सातरस्ता | रविवार, रात्री ९:३०

बोरामणीच्या नव्या विमानतळाचं काय झालं मग? तिथं पाहिजे तेवढी लांब पट्टी करता आली असती.

कडकभाकरी | रविवार, रात्री ९:३४

त्याला वेगळा धागा काढ बे, दोनशे प्रतिसाद होतील. इथं पोराचा प्रश्न चाललाय.

शिकाऊ_वैमानिक | सोमवार, सकाळी ६:५०

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही: ऊन.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला तेवढाच उचल मिळवायला जास्त वेग लागतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. दोन्हीकडून तोटा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे-पाचशे मीटरवर. पण मे महिन्यात दुपारी ४३ अंश असतं तेव्हा हिशेब केला तर हवेची घनता जवळपास १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी होते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे मेच्या दुपारी सोलापुरातून उडणारं विमान, पंखाच्या दृष्टीनं, कळसूबाईच्या माथ्याजवळून उडत असतं.

एटीआर ७२-६०० ला पूर्ण वजनात, समुद्रकाठी आणि १५ अंशाला साधारण १३०० मीटर पट्टी पुरते. तोच आकडा इथं मे महिन्यात धरता येत नाही. तेव्हा मग वजन कमी करावं लागतं. लेह ३२५६ मीटरवर आहे, तिथं विमानं सकाळी लवकर येऊन जातात त्याचं एक कारण हेच, दुसरं दुपारचा वारा.

होटगीरोडकर काका, तुमच्या मुलाला सांगा, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सकाळी बघ आणि मे महिन्यात दुपारी बघ. तेवढंच भरलेलं विमान असेल तर मे महिन्यात जरा जास्त पळेल.

पुण्यात_सोलापूरकर | सोमवार, सकाळी १०:१५

थोडा वेगळा सूर लावतो. मुंबईला मी पाहिलंय, मोठी जेट विमानं पट्टीच्या बऱ्यापैकी शेवटापर्यंत पळतात. तिथं साडेतीन किलोमीटरच्या आसपास पट्टी असूनही. मग 'निम्मी थांबण्यासाठी' हे कसं बसतं?

शिकाऊ_वैमानिक | सोमवार, सकाळी ११:००

दोन कारणं. एक, लांब पल्ल्याचं विमान इंधनानंच प्रचंड जड असतं, त्याला खरोखर तेवढं पळावं लागतं. दुसरं फार लोकांना माहीत नसतं. पट्टी लांब असेल आणि विमान हलकं, तर वैमानिक मुद्दाम इंजिनाला पूर्ण जोर देत नाहीत. कमी जोरात, जास्त पळून उडतात. इंजिनाचं आयुष्य वाढतं. तरीही व्ही-वनचा हिशेब त्या कमी जोराला धरून केलेलाच असतो, थांबायची जागा त्यात आलीच.

पट्टी_बांधणारा | सोमवार, दुपारी २:३०

मी स्थापत्य अभियंता, रस्ते आणि धावपट्ट्यांच्या कामांवर होतो. आता पट्टीकडं नुसतं काळं डांबर म्हणून बघू नका, म्हणून थोडं लिहितो.

पट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात जे मोठे आकडे असतात ते दिशा सांगतात. होकायंत्राची दिशा घ्यायची, दहानं भागायचं. आपल्याकडं १५ आणि ३३ आहेत. १५ म्हणजे १५० अंश, आग्नेयेकडं. ३३ म्हणजे ३३० अंश, वायव्येकडं. एकच पट्टी, दोन नावं, फरक कायम १८. पृथ्वीचं चुंबकत्व सरकतं त्यामुळं कधीकधी आकडे पुसून नवे रंगवावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला २००९ मध्ये ०५/२३ चे ०४/२२ करावे लागले.

वर वाऱ्याचं आलंय ते याला जोडतो. पावसाळ्यात आपला वारा पश्चिमेकडचा. पश्चिम म्हणजे २७०, पट्टी ३३०, मध्ये ६० अंशांचा कोन. पश्चिमेचा २० नॉटचा (ताशी साधारण ३७ किलोमीटरचा) वारा असला तर त्यातला १० नॉट समोरून मिळतो आणि १७ नॉट आडवा. आडव्या वाऱ्यात विमान खेकड्यासारखं तिरकं येतं, नाक वाऱ्याकडं, वाट मात्र पट्टीच्या रेषेत. टेकायच्या क्षणी वैमानिक नाक सरळ करतो. पावसाळ्यात कुंपणाबाहेर उभं राहून बघा, बघण्यासारखं असतं.

पट्टी मधोमध किंचित उंच असते, पाणी दोन्ही बाजूंना जावं म्हणून. बऱ्याच पट्ट्यांवर आडव्या बारीक खाचाही कापतात, चाकाखालचं पाणी निसटायला. आणि पट्टी संपते तिथंही काम संपत नाही. पुढं ६० मीटर पट्टा, त्यापुढं आणखी कमीत कमी ९० मीटर मोकळी, सपाट केलेली जागा, शिफारस २४० मीटरची. विमान घसरून गेलंच तर त्याला खड्डा, नाला, भिंत लागू नये म्हणून. लोक म्हणतात ही जागा पडीक आहे, गुरं चारायला द्या. ती पडीक नाही.

सातरस्ता | सोमवार, दुपारी ३:१०

सगळं मान्य, पण मला हे जरा जास्तच वाटतंय. पट्टीच्या निम्म्यात थांबणाऱ्या विमानाला एवढी राखीव जागा, पुढं आणखी २४० मीटर. आपल्याकडं जमिनी जातात शेतकऱ्यांच्या. थोडं कमी केलं तर काय बिघडतं?

लोहगाव_सेवानिवृत्त | सोमवार, सायंकाळी ६:४०

@सातरस्ता, जमिनीची काळजी रास्त आहे. तरी ७ ऑगस्ट २०२० चं कोझिकोड आठवा. डोंगरमाथ्यावरची पट्टी, साधारण २७०० मीटर. रात्र, पाऊस, वारा पाठीमागून. विमान पट्टीच्या सुरुवातीला न टेकता तरंगत पुढं गेलं आणि निम्मी पट्टी मागं टाकून टेकलं. उरलेल्या ओल्या निम्म्यात ते थांबलं नाही. टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली, त्यात दोन्ही वैमानिक.

उतरतानाचा हिशेब असा आहे. विमान पट्टीच्या उंबरठ्यावर ५० फुटांवर असतं, तिथून मोजायला सुरुवात. ते पहिल्या इंचावर टेकत नाही, साधारण ३०० मीटर आत टेकतं. तिथं रबराचे काळे पट्टे दिसतील, प्रत्येक टेकण्यात टायर क्षणभर घासतो त्याचे. विमान निघायच्या आधी जो हिशेब करतात त्यात पंख्याच्या विमानाचं उतरून थांबण्याचं अंतर उपलब्ध पट्टीच्या ७० टक्क्यांत बसलं पाहिजे, जेटचं ६० टक्क्यांत. पट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के जास्त धरायचं. पट्टी २००० मीटर धरली तर कोरड्यात १४०० मीटरमध्ये थांबता आलं पाहिजे.

तुमच्या डोळ्यांना जी रिकामी दिसते ती हीच राखीव. कोझिकोडच्या रात्री तीच संपली होती.

सातरस्ता | सोमवार, सायंकाळी ७:०५

वाचून गप्प झालो. माझं म्हणणं मागं घेतो.

नवीपेठ | सोमवार, रात्री ९:२०

मग माझ्या एका प्रवासाचं आता कळतंय. मागच्या पावसाळ्यात उतरत होतो, कुठलं शहर ते सोडा. पट्टीवरचे दिवे खिडकीतून दिसत होते, चाकं आता टेकणार, आणि एकदम इंजिनं ओरडली, विमान वर. अर्धी माणसं देवाचं नाव घेत होती, मागं एक लहान मूल रडत होतं. वीस मिनिटांनी परत आलो आणि नीट उतरलो. बाहेर पडताना लोक वैमानिकाला नावं ठेवत होते, मीही त्यात होतो. तो कदाचित तरंगत पुढं गेला असेल आणि म्हणाला असेल, या उरलेल्या पट्टीत नको.

शिकाऊ_वैमानिक | सोमवार, रात्री १०:००

@नवीपेठ, अगदी शक्य आहे. परत वर जाणं हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. उतरणं जमत नाहीये असं क्षणभर जरी वाटलं तरी वर जायचं, त्यात कमीपणा नाही. खरं तर तेव्हा टाळ्या वाजवायला हव्यात.

उतरण्याची वाट साधारण ३ अंशांची असते. किलोमीटरला ५२ मीटर खाली. बऱ्याच पट्ट्यांच्या बाजूला चार दिवे ओळीनं असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर वाट बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. एकट्यानं पहिल्यांदा उतरत होते तेव्हा तीन लाल दिसले, पोटात गोळा आला. जोर थोडा वाढवला, दोन-दोन झाले. ते दोन पांढरे दिवे मी आयुष्यभर विसरणार नाही.

आणखी एक. ओल्या पट्टीवर विमान जरा धाडकन टेकलं तर वैमानिकाला कच्चा समजू नका. मुद्दाम घट्ट टेकवतात, चाकाखालचं पाणी फुटून टायर पट्टीला धरावा म्हणून. अलगद टेकवायच्या नादात तरंगत राहणं जास्त धोक्याचं.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:२५

आईला वाचून दाखवलं सगळं. म्हणाली, "मग परत बसू या की." बांगड्या मात्र काढून ठेवणार आहे म्हणे! 😀

विडीघरकुल | मंगळवार, सकाळी ८:००

सगळे जमलेत तर एक हात जोडून विनंती. विमानतळाच्या आजूबाजूला संक्रांतीला पतंग उडवू नका, पोरांना समजावा. मांजा इंजिनाच्या पंख्यात गेला तर काय, आता सगळ्यांना कळलंय की व्ही-वन नंतर माणसं एका इंजिनावर असतात. आणि मटणाचं, हॉटेलचं उरलेलं उघड्यावर टाकू नका. घारी तिथंच फिरतात, नेमक्या उडायच्या वाटेवर.

उजनीचे_पक्षी | मंगळवार, सकाळी ८:१५

यांच्या विनंतीला माझीही सही. पक्ष्यांचाही जीव वाचेल.

होटगीरोडकर | बुधवार, रात्री ९:१५

मंडळी, काय बोलू. दोन रात्री पोराला जवळ बसवून एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. चिमणीच्या प्रतिसादावर तो बराच वेळ थांबला होता. मला म्हणाला, भीमाकाठ काकांना सांगा मला पण वाईट वाटलं.

आज परत गेलो होतो कुंपणापाशी. यावेळी त्यानं वही घेतली आणि मी मोबाईलवर सेकंद मोजले. पळायला लागल्यापासून नाक उचलेपर्यंत २४ सेकंद. विमान उडालं तरी तो वर बघेना, पट्टीच्या रिकाम्या राहिलेल्या टोकाकडंच बघत होता. मी म्हटलं, अरे गेलं की विमान, बघ की वर. तर म्हणाला, "थांबा पप्पा, आता ते चढालालंय, एका इंजिनावर असतं तर अजून तिथंच असतं," आणि बोटानं दाखवलं, पार खाली, बाभळीच्या शेंड्याच्या जरासं वर.

@लोहगाव_सेवानिवृत्त, तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी पोराला घेऊन येतो. त्याच्याकडं अजून अकरा प्रश्न लिहून तयार आहेत.

लोहगाव_सेवानिवृत्त | बुधवार, रात्री ९:४०

व्यनि केलाय. सकाळी दहापर्यंत या, नंतर ऊन होतं. विमानाच्या टायरचा एक तुकडा माझ्याकडं आहे, तो त्याला हातात द्यायचाय.